इंग्रजीला कामाला लावा

सिंदी (रेल्वे) या गावाच्या नावातच एक इंग्रजी शब्द आहे. वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे, म्हणून सेलू तालुक्यातल्या, नागपूर-वर्धा लोहमार्गावरच्या या सिंदीला ‘रेल्वे’ ही ओळख मिळाली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला आणि गाडीबरोबर स्टेशन, तिकीट, सिग्नल, गार्ड, पार्सल असे शब्दही या पट्ट्यात उतरले. ते कुणी फळ्यावर लिहून पाठ करवून घेतले नाहीत. तिकीट काढावं लागलं म्हणून ‘तिकीट’ आलं, पार्सल सोडवावं लागलं म्हणून ‘पार्सल’ आलं. गावाची हिंदीही अशीच आली. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी बोलणारा माणूस गाडीत जागा मागताना, ट्रकवाल्याला रस्ता सांगताना, बाजारात घासाघीस करताना सहज हिंदीवर जातो. शाळेत हिंदीचा तास होता, पण बोलती हिंदी त्या तासात तयार झाली नाही. ती कामात तयार झाली. इंग्रजीला मात्र आपण असं काम दिलंच नाही. ती तासाला आली, परीक्षेला आली आणि दहावीच्या निकालानंतर पुस्तकांबरोबर रद्दीत गेली. म्हणून इंग्रजी शिकू पाहणाऱ्यांना माझं सांगणं असं, की नवा क्लास शोधण्याआधी तुमच्या रोजच्या दिवसात इंग्रजीला चार-दोन खरी कामं नेमून द्या. कुठली कामं, कशी द्यायची आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेप कितपत खरे आहेत, ते इथे सविस्तर पाहू.

आधी तासाचा हिशेब. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे आज पंचविशीच्या आतबाहेर असलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या पदरी दहा वर्षांचं इंग्रजी आहे. तरी ‘मला इंग्रजी येत नाही’ हेच वाक्य ऐकू येतं. देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालात २०१६ आणि २०२२ या दोन्ही वर्षी इंग्रजीची सोपी वाक्यं वाचू शकणारी पाचवीची मुलं साधारण एक चतुर्थांशच निघाली. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही आणि एकट्या शिक्षकालाही नाही. चाळीस मिनिटांचा तास आणि वर्गात चाळीस मुलं धरा. शिक्षकाने स्वतः एक शब्दही न बोलता सगळा वेळ मुलांना दिला, तरी एकेकाच्या वाट्याला एकच मिनिट येतं. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर तीन तास वीस मिनिटं. एवढ्या सरावात सायकलही नीट येणार नाही. तासात नियम कळू शकतो, शब्द कळू शकतो, उच्चार ऐकायला मिळतो. जीभ वळायला आणि वाक्य आपसूक सुचायला जो वेळ लागतो, तो तासाबाहेरच काढावा लागतो.

नुसतं ऐकून-वाचून भागेल का, हाही प्रश्न तपासलेला आहे. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं फ्रेंच माध्यमात घालून, गणित-विज्ञानही फ्रेंचमधून शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. मुलं वर्षानुवर्षं दिवसभर फ्रेंच ऐकत होती. मेरिल स्वेन या संशोधिकेने १९८५ मध्ये मांडलं, की या मुलांना फ्रेंच ऐकून-वाचून उत्तम समजतं, पण बोलताना-लिहिताना ती फ्रेंच मुलांच्या बरीच मागे राहतात, व्याकरण घसरतं. तिने काढलेलं कारण आपल्याला नेमकं लागू पडतं. समजून घेताना माणूस ओळखीच्या दोन-चार शब्दांवर अर्थ जुळवतो आणि पुढे जातो. बोलताना मात्र पूर्ण वाक्य उभं करावं लागतं आणि तिथेच आपल्याला काय येत नाही ते कळतं. म्हणून ज्या सरावात तुमच्या तोंडून किंवा हातून इंग्रजी बाहेर पडत नाही, तो सराव अर्धाच. मोबाइलवर ‘इंग्रजी बोलायला शिका’ असे व्हिडिओ तासन्‌तास पाहूनही जीभ उचलत नाही, त्याचं कारण हेच.

गावाच्या हिंदीचं उदाहरण वर दिलं, त्यावर पहिला आक्षेप लगेच येईल: हिंदीची तुलना इंग्रजीशी कशी करता? हिंदी मराठीची बहीण, लिपी तीच, वाक्याची घडण तीच. आक्षेप बरोबर आहे. त्यामुळे इंग्रजीला हिंदीपेक्षा जास्त वेळ लागणार आणि काही ठिकाणी जाणूनबुजून मेहनत घ्यावी लागणार. पण या ठिकाणांची यादी लोकांना वाटते तेवढी लांब नाही. एक उदाहरण जवळून पाहा. मराठीत आपल्या मनात किंवा शरीरात जे घडतं ते ‘मला’ने सुरू होतं, वऱ्हाडीत ‘मले’ने. मला वाटतं, मला आठवतं, मला समजलं, मला पाहिजे, मला आवडतं, मला ताप आहे, मला दोन मुलं आहेत. इंग्रजीत हे सगळे ‘मला’ ‘आय’ होतात: आय थिंक, आय रिमेंबर, आय अंडरस्टँड, आय वाँट, आय लाइक, आय हॅव अ फीव्हर, आय हॅव टू चिल्ड्रन. मराठी माणूस अडखळतो तो इथे. शब्द येत असतो, पण ‘मला’ला इंग्रजी प्रतिशब्द शोधण्यात वाक्य अडकून पडतं. दिवसभरात आपण ‘मला’ किंवा ‘मले’ म्हणून किती वाक्यं बोलतो ते एक दिवस मोजा, त्यातली दहा वहीत लिहा आणि संध्याकाळी ती ‘आय’ने सुरू करून मोठ्याने म्हणा. आठवडाभरात हा एक सांधा मोकळा होतो. दुसरी जागा क्रियापदाची. आपलं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीचं कर्त्याला चिकटून. तिसरी ‘अ’ आणि ‘द’ची. आपण पहिल्यांदा ‘एक माणूस आला’ म्हणतो आणि पुढच्या वाक्यात ‘तो माणूस’ म्हणतो, तेव्हा तोच फरक आपण करत असतो. फक्त इंग्रजीत तो जवळजवळ प्रत्येक नामाशी करावा लागतो. एवढं ध्यानात ठेवून सुरुवात केली तरी पुष्कळ चुका मुळातच टळतात.

आता कामं. सगळ्यात सोपं काम घरात आधीच पडलेलं आहे. औषधाच्या पाकिटावर ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ लिहिलेलं असतं, बाटलीवर ‘शेक वेल बिफोर यूज’, डब्यावर ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’. ही सगळी आज्ञार्थी वाक्यं आहेत. त्यांत कर्ता नसतो, काळ नसतो, वाक्य थेट क्रियापदाने सुरू होतं. इंग्रजीतली सर्वांत सोपी वाक्यरचना हीच. रोज एक वेष्टण घ्या, वाचा, अर्थ लावा आणि त्या आज्ञेवरून स्वतःचं एक वाक्य करा: ‘वी कीप द मेडिसिन्स ऑन द टॉप शेल्फ’. आज्ञेचं आपल्या घरातल्या विधानात रूपांतर करणं, एवढाच व्यायाम. पण त्यात ‘वी’ आला, ‘द’ आला, शब्दांची जागा ठरली. शेतकरी घरांत याहून चांगला मजकूर असतो तो कीटकनाशकाबरोबर येणाऱ्या घडीपत्रकाचा. त्यात तोच मजकूर अनेक भाषांत छापलेला असतो. इथे मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. फवारणीच्या आधी वाचायचं ते मराठीच, आणि डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहायचा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरता येण्यासारखं नाही. इंग्रजीचा अभ्यास फवारणीच्या वेळी करायचा नाही. काम संपलं, हातपाय धुतले, की स्वच्छ ठेवलेल्या पत्रकातला मराठी परिच्छेद आणि इंग्रजी परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. हातमोजे, तोंडावरचा कपडा, वाऱ्याची दिशा, रिकामा डबा ही सगळी गोष्ट तुम्हाला आधीच ठाऊक असते. विषय ठाऊक असला की भाषा लवकर उलगडते.

हाच नियम स्टेशनवर चालतो. नागपूर, वर्धा, सेवाग्राम अशा स्थानकांवर तीच उद्घोषणा मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत होते. रोज बुटीबोरीला किंवा नागपूरला कामाला, कॉलेजला जाणाऱ्यांना गाडीची वाट पाहताना असा तिहेरी पाठ फुकट मिळतो. मराठी घोषणा संपली की इंग्रजीत आता काय येणार हे तुम्हाला माहीत असतं. मग लक्ष फक्त इंग्रजी कशी सांगते याकडे द्यायचं. गाडीचा क्रमांक एकेका आकड्याने ऐकून लिहून घ्या. आकड्यांत मराठी माणूस विशेष चुकतो, कारण आपण अडुसष्ट म्हणताना आठ आधी घेतो आणि इंग्रजीत साठ आधी येतात. गाडीला उशीर झाला की ऐकू येतं: ‘द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड’. या एका वाक्यात कर्मणी प्रयोग आहे, आणि ‘झालेली गैरसोय’ यातला ‘झालेली’ इंग्रजीत नामाच्या मागून येतो हेही आहे. शाळेत ‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणून ज्याची धास्ती घेतली ते फलाटावर कानावर पडत असतं. ते मनातल्या मनात पुन्हा म्हणा आणि ‘इनकन्व्हिनियन्स’च्या जागी दुसरा शब्द घाला: डिले, डॅमेज, मिस्टेक. कामावर कधी तरी अशी एक ओळ लिहायची वेळ येतेच.

वाचनाबद्दल जास्त सांगायला हवं, कारण तिथे सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि सर्वांत कमी लोक तिकडे वळतात. १९८०-८१ मध्ये फिजी बेटांवरच्या खेड्यांतल्या शाळांत एक प्रयोग झाला. चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीतली सुमारे २५० सचित्र गोष्टींची पुस्तकं दिली गेली आणि मुलांनी ती वाचायची किंवा शिक्षकाबरोबर वाचायची, एवढंच ठरलं. या मुलांची मातृभाषा इंग्रजी नव्हती आणि घरी इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. एली आणि मंगूभाई या संशोधकांना दिसलं, की नेहमीच्या पाठ्यपुस्तकी पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने ही मुलं वाचन-आकलनात पुढे गेली. पुढे हा फायदा लेखन-व्याकरणातही दिसला. खेडं, मोठे वर्ग, घरात इंग्रजी नाही, ही परिस्थिती आपल्याला अनोळखी नाही. गोष्टींची पुस्तकं आज मिळवणंही अवघड राहिलेलं नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर हजारो सचित्र गोष्टी मोफत आहेत, चार पातळ्यांत विभागलेल्या, आणि त्यांतल्या अनेक मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सापडतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही मोबाइलवर मोफत उतरवून घेता येतात. सुरुवात आपल्या इयत्तेपासून करू नका. दहावी झालेल्याने पाचवीचं इंग्रजी पुस्तक घ्यावं. पानात अडणारे शब्द दोन-तीनच असावेत, दहा अडत असतील तर पुस्तक खाली ठेवून त्याहून सोपं उचलावं.

मोठ्या माणसाने लहान मुलांच्या गोष्टी वाचायच्या, ही लाज अनेकांना अडवते. या लाजेला उत्तर आपल्याच उपखंडातून मिळतं. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला काम करत होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी जड का जातं याचा अभ्यास करताना त्यांनी पाहिलं, की वाचनाच्या पुस्तकांत दुर्मीळ शब्दांची गर्दी असते आणि वारंवार लागणारे शब्द नीट रुजतच नाहीत. पुढे १९५३ मध्ये त्यांनी इंग्रजीतल्या नित्य वापराच्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या मजकुरातले दर पाचांपैकी चार शब्द अशा दोन हजारांच्या साठ्यातून येतात. लहान मुलांच्या गोष्टींत हेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात: गेट, टेक, कीप, पुट, टर्न. त्यांच्याशी जोडून आलेले छोटे शब्द अर्थ कसा बदलतात, टेक ऑफ वेगळं आणि टेक आउट वेगळं, ते गोष्टीतच कळतं. अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करणारा मुलगा साध्या संभाषणात अडतो याचं कारण त्याने वरचा मजला आधी बांधायला घेतलेला असतो. आणि मराठी बोलताना आपण कितीतरी इंग्रजी शब्द आधीच वापरतो: शुगर वाढली, मिस्ड कॉल आला, फॉर्म भरला, डिस्चार्ज मिळाला. त्या शब्दांना फक्त इंग्रजी वाक्यात बसवायचं राहिलेलं आहे.

ऐकण्यासाठी बातम्या ऐका, असा सल्ला सरसकट दिला जातो. मी तो नवशिक्याला देणार नाही. बातमीचा विषय दर मिनिटाला बदलतो आणि एक सुटला की मागे जाता येत नाही. त्याऐवजी क्रिकेटचं धावतं वर्णन घ्या. धावफलक समोर असतो, चेंडू कुठे गेला ते दिसतं किंवा कळतं आणि तीच वाक्यं दिवसभर फिरून फिरून येतात. आकाशवाणीवर हिंदी आणि इंग्रजी आलटून-पालटून असतात, म्हणजे इंग्रजीत सुटलेलं हिंदीत सापडतं. सहा महिन्यांनी बातम्यांकडे वळा, तेही आधी त्याच बातम्या मराठीत ऐकून. ऐकताना एक गोष्ट मुद्दाम टिपा: आघात. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो, इंग्रजीत एका शब्दात एकाच जागी जोर पडतो आणि बाकीची अक्षरं दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर असतो, ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो सरकतो आणि शब्द ‘फटॉग्रफर’सारखा ऐकू येतो. आपलं इंग्रजी परक्याला कळत नाही ते बरेचदा जोर भलत्या अक्षरावर पडल्यामुळे. ‘व’ आणि ‘व्ह’चा फरक मात्र आपण लेखनात आधीच पाळतो. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ वेगळे लिहितो, ओठ गोल करून एक आणि खालच्या ओठाला दात टेकवून दुसरा म्हणायचं एवढंच उरतं.

‘बोलायचं कुणाशी?’ हा यातला सर्वांत खरा आणि सर्वांत जुना आक्षेप. गावात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, बोललं तर लोक हसतात. त्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं असं, की बोलण्याचा सराव दुसऱ्या माणसाशिवायही होतो. जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आवाज नोंदवायची सोय असते. विषय आपल्याला पुरता ठाऊक असलेला घ्यायचा. सिंदीचा तान्हा पोळा घ्या, ज्याच्या मोठमोठ्या लाकडी नंदींमुळे गावाचं नाव विदर्भभर आहे. तो न पाहिलेल्या माणसाला इंग्रजीत सांगायचा. पहिल्यांदा चार मिनिटांत सांगा, थांबत, अडखळत, मराठी शब्द मध्ये घालत. अडलेले चार-पाच शब्द शोधून घ्या. मग तेच तीन मिनिटांत आणि पुन्हा तेच दोन मिनिटांत. भाषाशिक्षणात ही चार-तीन-दोनची रीत रुळलेली आहे आणि तिचा गुण सोपा आहे: विषय तोच असल्याने काय बोलायचं याचा ताण उरत नाही, कसं बोलायचं याकडे मन जातं. नंदीला ‘वुडन बुल’ म्हणावं, पण ‘नंदी’ हा शब्दही तसाच ठेवावा आणि तो काय असतो ते एका वाक्यात सांगावं. पुढचा विषय कापूस वेचणीचा, मग घरून स्टेशनला जाण्याच्या वाटेचा, मग आईच्या हातच्या एखाद्या पदार्थाचा. मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ असं विचारतात, तेव्हा पाठ केलेल्या उताऱ्यापेक्षा हीच पुंजी कामी येते.

दुसरं उत्तर हसणाऱ्यांबद्दल. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे भारतीय सुमारे २.६ लाख होते. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून सांगणारे सुमारे ८.३ कोटी. म्हणजे या देशात जो कुणी इंग्रजी बोलतो तो जवळजवळ नक्कीच शिकून बोलतो, चुकत चुकत आलेला असतो. तरीही हसण्याचं दुःख खोटं नाही, विशेषतः मुलींना ते जास्त सोसावं लागतं. म्हणून चौकात सुरुवात करायची गरज नाही. एक जोडीदार पुरतो: मैत्रीण, बहीण, डब्यात शेजारी बसणारा सहप्रवासी. आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं, ठरवून, आणि त्या वेळात कुणी कुणाला मध्ये थांबवून दुरुस्त करायचं नाही, एवढा करार करा. चुका तशाच राहिल्या तर त्या पक्क्या होतील, अशी भीती शिक्षक बोलून दाखवतात. ती निराधार नाही. दुरुस्तीच नसली तर चुका खरंच मुरतात. पण दुरुस्ती बोलण्यानंतर करता येते. नोंदवलेलं ऐका, एकच प्रकारची चूक निवडा, समजा ‘ही गो, शी गो’ म्हणताना सुटलेला ‘ज’, आणि त्या आठवड्यात फक्त तीच पकडा. सगळ्या चुका एकदम सुधारू पाहणारा माणूस गप्प बसतो.

लिहिण्याचा सराव आपल्याकडे जुना आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतर म्हणजे जुनाट पद्धत, असं पुढे म्हटलं गेलं, पण त्यातला एक प्रकार मला आजही फार मोलाचा वाटतो. सोळाव्या शतकातले इंग्रज शिक्षक रॉजर अॅस्कम यांनी लॅटिन शिकण्यासाठी तो सुचवला होता, १५७० मध्ये छापलेल्या पुस्तकात. चांगल्या इंग्रजीतल्या पाच-सहा ओळी घ्यायच्या, त्यांचं नीट मराठी करायचं आणि मूळ पान झाकून ठेवायचं. दोन दिवसांनी आपल्या मराठीवरून त्याचं पुन्हा इंग्रजी करायचं आणि मग मूळ उघडून ताडून पाहायचं. जिथे फरक पडला तिथे तुमची वही स्वतःच शिक्षक होते: इथे ‘द’ हवा होता, इथे ‘सिन्स’ हवं होतं, इथे मी मराठीसारखं क्रियापद मागे नेलं. गावात तपासून द्यायला कुणी नाही, या अडचणीवर याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. मोबाइलवरच्या भाषांतराच्या सोयींनी सगळं आयतं मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पत्र तातडीचं असेल तर यंत्राची मदत जरूर घ्या. पण सरावाच्या वेळी आधी स्वतः लिहा आणि नंतर यंत्राचं पाहा. क्रम उलटला की हात शिकत नाही.

वर्धा जिल्ह्यात हा विषय काढला की एक मोठा आक्षेप समोर उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्यातून नई तालीमची योजना आली. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, हातच्या उद्योगाभोवती गुंफलेलं आणि त्यात इंग्रजी नाही. मग या भूमीत इंग्रजीचा आग्रह कशाला? आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. विचार करण्याची, गणित-विज्ञान समजून घेण्याची भाषा मराठीच असावी. इंग्रजी येण्यासाठी मूल इंग्रजी माध्यमात घालावंच लागतं, हा समज मराठी शाळांचं नुकसान करतो आहे आणि मुलांचंही. पण प्रौढ तरुणाला, शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीला इंग्रजीची गरज पडते ती वेगळ्या कारणांनी. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले ग्रंथ इंग्रजीत आहेत, सिंदीला होत असलेल्या ड्राय पोर्टसारख्या ठिकाणची कागदपत्रं इंग्रजीत चालतात. दार बंद ठेवून मातृभाषेचा मान वाढत नाही. आणि नई तालीमचं मूळ सूत्र पाहिलं, तर टकलीवर सूत काततानाच मुलाला हिशेब शिकवावा, म्हणजे ज्ञान कामातून यावं, असं ते होतं. भाषेला हेच सूत्र लावावं, एवढंच मी म्हणतो आहे. वर सांगितलेल्या प्रत्येक सरावात मराठी पाया म्हणून आहे: आधी मराठी घडीपत्रक, मराठी गोष्ट, मराठी घोषणा. इंग्रजी न येणारे आईवडीलही म्हणूनच मदत करू शकतात. मुलाने इंग्रजी पान वाचलं की ‘काय लिहिलंय, सांग बरं मले’ एवढं विचारावं आणि पूर्ण ऐकावं. मुलाला अर्थ कळला की नाही ते त्याच्या मराठीतून लगेच समजतं.

उरला वेळेचा प्रश्न. पाळीचं काम, शेत, घर यांतून तास काढा म्हणणं म्हणजे करूच नका म्हणणं. दिवसाला पंचवीस मिनिटं धरा आणि ती एकत्र हवीत असंही नाही. गाडीत दहा मिनिटं गोष्ट, कपडे वाळत घालताना किंवा गोठ्यात पाच मिनिटं ऐकणं, रात्री पाच मिनिटं नोंदवणं आणि उरलेल्या पाचांत वहीच्या चार ओळी. ज्या दिवशी काहीच जमणार नाही त्या दिवशी एक वेष्टण वाचून एक वाक्य करा, म्हणजे सवय तुटत नाही. पहिल्या पंधरवड्यात फरक जाणवणार नाही, दीड महिन्यात वाचनाचा वेग थोडा वाढलेला दिसेल, बोलण्याला त्याहून जास्त काळ लागतो. तो फरक दिसावा म्हणून पहिल्या दिवशीचं तान्ह्या पोळ्याचं ते चार मिनिटांचं रेकॉर्डिंग पुसू नका, त्यावर तारीख घालून ठेवा. तीन महिन्यांनी तोच विषय पुन्हा बोला आणि दोन्ही लागोपाठ ऐका. कुठे थांबत होतो, कुठला शब्द अडला होता, ‘मला’च्या जागी ‘आय’ किती वेळा आपसूक आला, ते मोजून वहीत लिहा. पुढच्या तीन महिन्यांत कशावर जोर द्यायचा ते त्या वहीतूनच ठरवा.